दहा वाजून दोन मिनिटं

चौघांत तीन तिकिटं होती.
इलाहीनं माझ्या मनगटावरचा शिक्का बघून
स्वतःच्या मनगटावर पेनानं तसाच काढला.
उद्यमनगरात डाय कोरणारा हात तो.
दारावरच्या पोरानं टॉर्च मारला
आणि माझाच खोटा ठरवला.
"भावा, तिचा खरा हाय."
"मग तुझा?"
"माझा बी खराच. तिच्यापेक्षा जरा जास्त."

शिरोलीच्या अलीकडं, लग्नाचा लॉन.
आदल्या दिवशीच्या अक्षता अजून गवतात,
कमानीवर थर्माकोलचं 'चि. सौ. कां.' तेवढं उरलेलं,
आणि त्याखाली काळ्या शर्टांतली चार पोरं.
बँडचं नाव लोखंडी तालीम.

शीतल चौगुलेनं दिवस बुडायच्या आत
जनरेटरमागं उभ्यानं डबा संपवला.
केस खांद्यापर्यंत, छातीवर कवटी,
हातात भाकरी अन् दोडक्याची भाजी.
आईला शब्द दिलेला.
साउंड चेकच्या पहिल्या ठोक्याला
डब्याचं झाकण त्याच्या हातात थरथरलं.
तो झाकणाकडं बघत राहिला,
फोन आल्यासारखा.

मग ते सुरू झालं.
मला गाण्यातलं कळत नव्हतं, अजून कळत नाही.
एवढं आठवतं की आवाज कानातून आला नाही,
चपलांतून आला.
पोटऱ्या, गुडघे, बरगड्या.
दळण चालू असताना
गिरणीच्या पत्र्याला पाठ टेकावी तसा.
ड्रमवाला कुस्तीच्या फडात हलगी वाजवून वाढलेला.
मधेच त्याच्या हातातून ती जुनी कडकड निसटायची
आणि सगळा लॉन शड्डू ठोकायचा.
खरंच ठोकायचा. दोन-तीनशे माणसं, आपापल्या मांड्यांवर.
संयोगिता,
जिनं वर्गात हजेरीलासुद्धा कधी धड 'येस सर' म्हटलं नव्हतं,
इलाहीच्या खांद्यावर बसून
कुणाला तरी शिव्या देत होती.
कुणाला, ते गिटारमुळं कळलं नाही.
बरं झालं.

शेवटचं गाणं संथ निघालं.
घाम सगळ्यांचाच, कुणाचा कुठला ते विचारू नये.
गाणारा डोळे मिटून म्हणाला,
*आणि मी परत आलो तेव्हा*

हवालदार कुणावर ओरडला नाही.
जनरेटरवाल्याकडं बघून त्यानं
फक्त घड्याळावर बोट ठेवलं.
गाणाऱ्याचे ओठ थोडा वेळ हलत राहिले.
मी ओरडले, "मी न्हाई जात! मी हितंच थांबतो!"
आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी,
आणि माझाच आवाज
मला पाण्याखालून आल्यासारखा लागला.

गंगावेशीत शेवटची म्हैस उभी होती.
गवळ्यानं पितळी चरवी मांडीत धरली,
पांढरी धार दिसत होती,
ऐकू येत नव्हती.
चौघं कट्ट्यावर, चौघंही बहिरे,
एकमेकांच्या तोंडाकडं बघून हसणारे.
शीतल तेवढा प्याला नाही, रात्र झालेली.
त्यानं नुसता गरम पेला
दोन्ही हातांत धरून ठेवला
आणि मग मला दिला.

एकवीस वर्षं आम्ही भांडतोय,
तो परत आला तेव्हा काय होतं?
शीतल म्हणतो, दाराला कुलूप.
इलाही म्हणतो, आलाच न्हाई ओ तो, नुसतं गाण्यात म्हणाय लागतं.
संयोगिता इचलकरंजीत माग चालवते,
फोन केला की मागं ते धडधड सुरूच,
म्हणते, थांब, आत्ता ती ओळ येतीय बघ,
आणि आम्ही दोघी
खरंच थांबतो.

परवा लक्ष्मीपुरीत मोटारपंप घ्यायला गेले.
गल्ल्यावर तो. केस गेलेले, पण हनुवटी तीच.
बिल करताना विचारलं.
"कुठलं गाणं?" तो म्हणाला,
आणि खरोखर आठवू लागला.
पेन उघडं, कपाळाला आठ्या.
मग म्हणाला, "वॉरंटी दोन वर्षं. कार्ड जपून ठेवा."

तिघांना मी हे सांगितलेलं नाही.
डाव्या कानात बारीक शिट्टी अजून वाजते,
रात्री, पंप बंद केल्यावर.
डॉक्टर म्हणाले, जाणार नाही.
म्हटलं, राहू दे.